महाड-पोलादपूरकडील जुनी नाणी

रायगडास जाणारा यात्रेकरू महाडात थांबतो तो बहुधा चहापुरता. मुंबई-गोवा मार्गावरून येणाऱ्यास हे गाव एक मुक्कामाचे ठिकाण वाटते, पाहण्याचे वाटत नाही. त्याची दृष्टी सह्याद्रीच्या माथ्याकडे लागलेली असते, आणि पायाखालची पेठ त्यास दिसत नाही. परंतु ज्या राज्याचे सिंहासन वर गडावर होते, त्या राज्याचा पैसा खाली ह्या पेठेत फिरत होता, ही गोष्ट लक्षात ठेवून जो महाडात दोन दिवस राहील, त्यास येथील घराघरांतून इतिहास भेटेल. गेल्या माघात आम्ही चार दिवस महाड व पोलादपूर येथे राहिलो, ते मुख्यतः जुनी नाणी पाहण्याकरिता. त्या चार दिवसांत जे पाहिले व ऐकले, त्यातील काही भाग वाचकांच्या घरच्या देवघरांशीही संबंध ठेवतो, म्हणून तो येथे सादर करीत आहोत.

महाडची जागा प्रथम ध्यानात घ्यावी. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरावरून खाली उतरते, महाडाजवळ तिला गांधारी मिळते आणि पुढे दासगावावरून बाणकोटास ती समुद्राला जाते. भरतीच्या पाण्याबरोबर लहान गलबते पूर्वी महाडापर्यंत येत. मीठ, नारळ, सुकी मासळी व परदेशी माल येथे उतरे आणि वरंध घाटाने व पारघाटाने बैलांच्या पाठीवरून देशावर जाई. देशावरचे धान्य व गूळ त्याच वाटेने खाली येई. हा व्यापार किती जुना, ह्याची साक्ष गावाजवळच्या गांधारपाले येथील लेणी देतात. नदीच्या वर डोंगरात कोरलेली ही सुमारे तीस बौद्ध लेणी कोणा एकांतप्रिय भिक्षूंनी केवळ अरण्य पाहून निवडलेली नाहीत. खालून जाणारा तांडा व त्याचा दानधर्म ह्यांच्या आधारानेच ती उभी राहिली. जेथे घाट आणि खाडी एकत्र येतात तेथे पेठ होते, आणि जेथे पेठ होते तेथे नाना राज्यांची नाणी एकाच थैलीत येऊन पडतात.

महाडच्या थैलीत दोन बेटांचा संबंध विशेष येतो. पहिले बेट जंजिरा. बेट ह्या अर्थाच्या 'जझीरा' ह्या अरबी शब्दावरूनच त्याचे नाव पडले आहे. मुरुडासमोरील त्या पाणकोटाच्या आधारावर सिद्द्यांनी कोकणपट्टीवर आपले राज्य चालविले. शिवाजीमहाराजांनी पुनःपुन्हा प्रयत्न करूनही तो कोट हाती आला नाही, आणि पुढे दैवाचा फेरा असा की, १६८९ साली रायगड मोगलांकडे गेल्यावर तो सिद्द्यांच्याच ताब्यात राहिला. १७३३ साली मराठ्यांनी तो परत घेईपर्यंत, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस वर्षे, बेटावरच्या राजाचा अंमल ह्या डोंगरावर होता. ज्या गडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पायथ्याची दोन पिढ्यांची माणसे सिद्दीची रयत म्हणून जगली व मेली, ही गोष्ट आम्ही शाळेत मुलांस शिकविताना बहुधा एका वाक्यात उरकतो. जंजिऱ्याचे हे संस्थान पुढे इंग्रजी अमलातही टिकले आणि १९४८ साली भारतात विलीन झाले. त्याची नाणी आज फार थोडी आढळतात. त्यामुळे हौशी संग्राहक त्यांच्या मागे असतात.

दुसरे बेट मुंबई. १६७४ च्या ज्येष्ठात राज्याभिषेकाच्या समयी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून रायगडास आला होता. कंपनीने मुंबईत नुकतीच आपली नाणी पाडण्यास आरंभ केला होता, आणि ती महाराजांच्या मुलखात चालावी असे एक कलम तहाच्या मसुद्यात इंग्रजांनी घातले होते. त्यावर महाराजांकडून जो अभिप्राय मिळाला तो आजच्या अर्थशास्त्र्यांनीही मनन करण्याजोगा आहे. कोणतेही नाणे आम्ही आमच्या राज्यात बंद करीत नाही. परंतु ज्या नाण्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचे नाणे कसास व वजनास इतरांच्या बरोबरीचे असेल तर ते आपोआप चालेल, असा त्याचा आशय होता. नाण्यावर कोणाचे नाव आहे ह्यापेक्षा त्यात धातू किती आहे हे पेठेतला सराफ पाहतो, हे सत्य सिंहासनावर बसणाऱ्या त्या पुरुषास पूर्ण ठाऊक होते.

ठाऊक असूनही त्यांनी आपले नाव नाण्यावर घातले, ते कसे घातले हे पाहण्यासारखे आहे. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई, दोन्हींवर एका अंगास 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगास 'छत्रपति' अशी अक्षरे, आणि तीही नागरी. सभोवार पातशाह्यांची फारशी मुद्रा चालत असता हा नागरी लेख म्हणजे एक जाहीरनामाच होता. ज्या बुद्धीने रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करविला, फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द शोधविले, तीच बुद्धी ह्या चार शब्दांत दिसते. सोन्याचे नाणे पाडतानाही मोगली मोहरेचा आकार न घेता विजयानगरापासून दक्षिणेत रूढ असलेला लहानसा होनच स्वीकारला. हा शिवराई होन आज इतका दुर्मिळ आहे की, सामान्य माणसाने तो संग्रहालयात किंवा छायाचित्रातच पाहावा. तांब्याची शिवराई मात्र विपुल आहे, आणि महाड-पोलादपुराकडील जुन्या घरांतून ती अजून सापडते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. शिवराई म्हणजे शिवाजीमहाराजांच्या हातची, असे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे. वस्तुस्थिती अशी की, महाराजांनी घालून दिलेला हा नमुना पुढे मराठी राज्याच्या अखेरीपर्यंत चालला, आणि निरनिराळ्या टांकसाळींत तो शेकडो प्रकारांनी पाडला गेला. टांकसाळ ही नेहमी सरकारीच असे असेही नाही. सरकारात ठराविक रक्कम भरून परवाना घेतलेले कारखानदार ती चालवीत. १७४४-४५ साली नागोठण्याच्या बाळाजी बापूजी नावाच्या गृहस्थास रेवदंडा येथे टांकसाळ घालून दहा माशांचा पैसा पाडण्याची परवानगी मिळाल्याची नोंद आहे. प्रत्येक कारखानदाराचा ठसा कोरणारा निराळा, त्याची अक्षरओळख निराळी. म्हणून कोठे 'श्री' चा वेलांटीकडे भार, कोठे 'छत्र' चे भलतेच वळण. ठसा मोठा व तांब्याची चकती लहान, आणि घाव हातोड्याचा. तेव्हा अख्खा लेख एका नाण्यावर क्वचितच उतरे. आरंभीची मानली जाणारी शिवराई वजनाने साधारण तोळाभर, म्हणजे अकरा ते तेरा ग्रॅम भरते व तिच्या कडेस बारीक टिंबांची माळ असते. मागाहूनची वजनाने हलकी होत गेली. ज्या नाण्यावर अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात त्यास 'दुदांडी' म्हणतात, व ते मराठेशाहीच्या उतरत्या काळातले समजावे. ह्या सर्व प्रकारांची पद्धतशीर मांडणी के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स ह्यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवरील आपल्या ग्रंथात १९८९ साली केली आहे. ज्यास ह्या विषयाचा नाद लागेल त्याने तो अवश्य पाहावा.

आता आमच्या प्रवासातील मुख्य प्रकरणाकडे वळू. महाडात आमचा मुक्काम एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी होता. घर पेठेतले, दुमजली, पिढीजात. २०२१ च्या जुलैतील बाविसाव्या तारखेच्या रात्री सावित्रीचे पाणी ह्या गावात शिरले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्या शोकापुढे कोणाच्या घरी काय भिजले ह्याची वाच्यता कोणी केली नाही. परंतु पेठेतील घरांत पुरुषभर चिखल राहिला, जुनी दप्तरे, पोथ्या, पेट्या वाहून गेल्या वा कुजल्या. ह्या घरातील देवघर वरच्या मजल्यावर म्हणून वाचले, व त्याबरोबर देवांच्या डब्यातील तेरा तांब्याची नाणी वाचली.

पुरानंतर हे घर मोडून नवे बांधावे की विकावे असा विचार तिघा भावांत चालला आहे. एक भाऊ महाडात, एक पुण्यास व एक ठाण्यास. भांडी वाटली, दागिने वाटले; आता नाण्यांची गोष्ट निघाली. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांपैकी काही नाण्यांस चांगली किंमत देऊ केली होती. मधल्या भावाचे म्हणणे, विकून पैसे समान घ्यावे. धाकट्याचे म्हणणे, विकू नये पण चार-चार वाटून घ्यावी व उरलेले एक आईजवळ ठेवावे. त्यांच्या मातोश्री, ज्यांस आम्ही काकू म्हणतो, त्यांचे वय नव्वदीच्या घरात आहे. त्यांचे म्हणणे इतकेच होते : "देवाची वस्तू देवाजवळ. मी आहे तोवर डबा हलायचा नाही."

आम्ही ती नाणी सराफाच्या काट्यावर तोलून पाहिली व उन्हात तिरपी धरून वाचली. तेरांपैकी दोन तोळ्याच्या जवळपास भरली व त्यांच्या कडेवर टिंबांची माळ तुटक का होईना दिसत होती. सहा हलकी, म्हणजे मागाहूनची शिवराई. तीन दुदांडी. एक कंपनी सरकारचे १८३५ सालचे पाव आण्याचे. आणि तेरावे नाणे, ज्यास घरात 'जंजिऱ्याचा पैसा' म्हणतात. त्यांच्या पणजोबांचे मुरुडाकडे येणे-जाणे होते, तेथून तो आला, अशी घरातील परंपरा. आम्ही फार उत्कंठेने तो हाती घेतला. दोन्ही अंगे आरशासारखी गुळगुळीत! एक रेघ नाही, एक अक्षर नाही. चार पिढ्यांतील गृहिणींनी दर सणास चिंच व राखेने घासून तो लखलखीत ठेवला होता, आणि त्या लखलखाटात बेटावरच्या राज्याचे नाव निघून गेले होते. तो जंजिऱ्याचा असेलही; परंतु ते सांगणारा साक्षीदार आता मुका आहे. बाकीच्या शिवरायांवरही 'शिव' हा शब्द ज्या ठिकाणी उंच होता तेथेच अधिक झिजला होता.

ही गोष्ट आम्ही काकूंस कशी सांगावी ह्या विचारात होतो. सांगितली तेव्हा त्या प्रथम म्हणाल्या, "गुरुजी, देवापुढे काळे तांबे ठेवायचे का? ताम्हन घासते तसे हेही घासते. त्यात चुकले काय?" ह्या प्रश्नात अज्ञान नव्हते, शुचितेचा शतकानुशतकांचा संस्कार होता, व त्यास तुच्छ लेखणे आमच्याच्याने झाले नसते. आम्ही म्हणालो, "काकू, ताम्हनावर नाव नसते. झिजले तर नवे आणता येते. ह्याच्यावर महाराजांचे नाव आहे. पोथीवर धूळ बसली तर आपण झटकतो, अक्षरे खरवडीत नाही. तसेच हे. ह्याला नुसते पाणी पुरे." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर त्यांनी डबा आमच्यापुढे ठेवला. प्रत्येक नाणे जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात निराळे गुंडाळलेले होते. "नाव पुसते आहे हे ठाऊक नव्हते," इतकेच त्या म्हणाल्या.

भावांस आम्ही निराळ्या रीतीने सांगितले. ही तेरा नाणी एका घरात, एका पेठेत, एकत्र राहिली, हीच त्यांची खरी किंमत होय. शिवराई, दुदांडी व कंपनीचा पैसा एकाच डब्यात सापडतो, तेव्हा राज्ये बदलली तरी पेठेने जुना पैसा टाकला नाही, हे त्यावरून कळते. वाटणी केल्यास तीन घरांत तीन मुठी तांबे राहील आणि ही साखळी तुटेल. म्हणून प्रथम एक यादी करावी. प्रत्येकाचे वजन, दोन्ही अंगांचे छायाचित्र, घरातील परंपरा व आजची तारीख तीत असावी. तिच्या तीन प्रती तिघांनी ठेवाव्या. आणि नाणी एकत्र राहावी. पूजेस जंजिऱ्याचा पैसा ठेवावा, कारण त्यास गमावण्यासारखे आता काही उरलेले नाही. मधल्या भावास हे पटले असे आम्ही म्हणत नाही. घर बांधावयास पैसा लागतो, ही त्याची अडचण खोटी नव्हती. परंतु यादी होईपर्यंत विक्री करावयाची नाही, एवढे तिघांनी कबूल केले, आणि पुण्याच्या भावाने ती यादी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून काढली.

महाडातून निघण्यापूर्वी आम्ही चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह ह्याच तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, आणि तो हक्क न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तळ्याच्या काठी उभे असता मनात आले की, ज्या शिवराईची आम्ही चार दिवस आरती करीत होतो ती ह्या गावात सर्वांच्या हातून फिरली. महाराच्या कष्टाची शिवराई वाण्याच्या गल्ल्यात पडे, तेथून भटजींच्या दक्षिणेत येई, आणि तिला कोणी विटाळ मानला नाही. पैसा चालला, पाणी मात्र चालले नाही. जुन्या नाण्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा हिशेबही त्याच वहीत मांडला पाहिजे.

पोलादपूर महाडाहून अठरा-वीस किलोमीटर. येथून आंबेनळी घाट प्रतापगडावरून महाबळेश्वरी चढतो. घाई असलेला प्रवासी येथे थांबत नाही, पण संस्कृताचा ज्यास थोडाही संस्कार आहे त्याने थांबावे; कारण शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी ह्या गावी आहे. महाराजांचे चरित्र त्यांच्याच हयातीत संस्कृत काव्यात गुंफणारा हा पुरुष. त्याचा ग्रंथ अपूर्ण, तोही शतके अज्ञात, स. म. दिवेकर ह्यांनी १९२७ साली तो प्रसिद्ध केला तेव्हा महाराष्ट्रास त्याची ओळख झाली. जे नाव टांकसाळीने तांब्यावर उठविले तेच परमानंदांनी श्लोकांत उठविले; दोन्ही लेख वाचणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत कोठेतरी सुरक्षित राहिले म्हणून टिकले. जवळच उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. तेथेही आम्ही जाऊन आलो.

पोलादपुरास एका मुलाने आम्हांस मोठ्या आनंदाने एक 'होन' दाखविला. कोठल्याशा गडाच्या पायथ्याशी शंभर रुपयांस घेतला होता. पितळेचा, ओतीव. त्यास आम्ही भिंग दिले व म्हणालो, "बाळ, तूच पाहा." कडेभोवती साच्याची शिवण दिसते का, पृष्ठावर बुडबुड्यांची बारीक भोके आहेत का, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल आहेत का? ठोकलेल्या नाण्याची अक्षरे तीक्ष्ण उठतात व कड अनेकदा फाटते. ओतलेल्याची तशी नसतात. मुलाने सर्व खुणा स्वतः शोधल्या. त्याचा चेहरा उतरला, पण भिंग परत देताना तो म्हणाला, "आजोबा, आता खरे दिसले तर मला ओळखता येईल." शंभर रुपयांस हे शिक्षण महाग पडले असे आम्हांस वाटत नाही.

शेवटी घरोघरच्या वडीलधाऱ्यांस चार शब्द. जुने तांबे चिंच, लिंबू, राख किंवा घासण्याची पूड ह्यांनी कधीही उजळू नये. त्याच्यावरचा काळपट तपकिरी थर हेच त्याचे कवच होय. भुकटीसारखा हिरवा कळंक वाढत असेल तर ते नाणे इतरांपासून निराळे करून कोरडे ठेवावे व जाणकारास दाखवावे. मऊ चिकट प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नयेत. त्याने तांबे हिरवे पडते. साधा कोरडा कागद बरा. शेतात वा पाया खणताना धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास कळविणे हे कर्तव्य आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या पुरलेल्या वस्तूस तो कायदा लागू आहे. रायगडासारख्या संरक्षित स्थळी उकरणे तर सर्वस्वी निषिद्ध. शंभर वर्षांवरील नाणे परवान्यावाचून परदेशी पाठविणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे परदेशी मुलांस भेट देऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि सर्वांत सोपे काम हे की, घरातील वृद्ध हयात आहेत तोवर त्यांस विचारून प्रत्येक नाणे कोठून आले ते लिहून ठेवावे. नाण्यावरचे अक्षर झिजले तरी ठसा कसा होता हे जाणकार क्वचित ओळखू शकेल. परंतु माणसाबरोबर गेलेली आठवण कोणत्याही काट्यावर तोलता येत नाही.